टोपी, डॉलर, चांदणी

ज्या माणसाले स्वतःची चप्पल सापडत नव्हती, त्यानं माह्या मेलेल्या बायकोले शोधून काढलं. म्हणजे तिच्या फोटोले. म्हणून हे लिहून राहिलो. नाहीतर मी काही लिहिणारा माणूस नाही. चौथी पास झालो आन राईस मिलमधी पोते उचलाले लागलो, ते पाठ वाकेपर्यंत. पेन हाती धरला की अजूनही पोत्याचा हुक धरल्यासारखं वाटते.

गाव त्याले तुकडेसर म्हणे. हे त्याचं आडनाव नव्हतं. आडनाव त्यानं आल्या दिवशी सांगितलं होतं, पण तोच म्हणाला की पूर्ण नावाची गरज नसते, नावाचा तुकडा पुरतो. मंग गावानंही त्याले तुकडाच दिला. गाव असं उदार आहे.

आमचं गाव लाखांदूरच्या अलीकडं. चहूकडून धानाच्या बांध्या, मधात गाव, आन गावातून एसटी जाते. थांबते ते ड्रायव्हरच्या मनात असलं तर. भंडारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, गोंदिया तिकडं गेला, आम्ही इकडं राहिलो, आन त्यानंतर कधीतरी वरच्या लोकायले आठवण झाली की उरलेल्यायले कम्पुटर शिकवला पाहिजे. नळाले पाणी नाही, पण कम्पुटर पाहिजे. त्या योजनेत हा माणूस नागपूरकडून आला. योजना वर्षभरात मेली. हा तिच्या मयतीलेही गेला नाही. माह्या छपरीलगतच्या खोलीत तसाच बसून राहिला आन गावच्या पोट्ट्यायले शिकवत राहिला.

ठेवून घेतला बायकोनं. मी नाही म्हणलो होतो.

ती म्हणे, "शिकलेला माणूस घरात असला तं बरं राहते."

"काहून बरं राहते?"

"बत्तीचं बिल वाचून देईल."

बत्तीचं बिल त्याले एकदाही समजलं नाही. उलटं धरून सुलटं धरून पाहे आन म्हणे, "काकू, हे कोण्या हुशार माणसाचं काम दिसते." बायकोले हे उत्तर एवढं आवडलं की त्या दिवसापासून त्याले भातासोबत लोणचंही भेटाले लागलं.

दिसायले उंच, मानेत वाकलेला. बगळा जसा बांधीत उभा राहते तसा. उन्हाळ्यातही अंगात बाह्यांचं स्वेटर. सायकल होती, पण बसत नव्हता. हाती धरून चाले. मी म्हणलो, "सर, सायकलले फिराले नेता का?" तर म्हणे, "काका, पायडल मारलं की विचार तुटते." असे कोणते विचार होते ते आम्हाले कधी दिसले नाहीत. सायकल मात्र नव्यासारखी राहिली.

आन बेडकाले भ्यायचा. धानपट्टीत राहून बेडकाले भिणं म्हणजे मिलमधी राहून कोंड्याले भिणं. पावसाळ्यात अंगणातून संडासाकडं जायचं असलं की पहिले आवाज देई, "काकू, रस्ता मोकळा आहे का?" बायको सूप घेऊन पुढं, हा स्वेटर घालून मांगं. गावात इंटरनेट आणणारा माणूस तो हाच.

त्याचं शास्त्र मले एकदाच समजलं, तेही बायकोच्या मांगं बसून होतो म्हणून. ती तांदूळ निवडत होती. तिनं सहज विचारलं, "सरजी, तुम्ही दिवसभर त्या डब्ब्यात काय शोधून राहता?"

बस. त्याले एवढंच पाहिजे होतं. खुर्ची सोडून तो तिच्यापुढं पाटावर बसला.

"काकू, वेब पेज म्हणजे काय? आपला आठवडी बाजार. फोटो, बटन, लिहिलेलं, सगळी दुकानं. आता हरेक वस्तूच्या मांगं मी एक चिठ्ठी चिकटवतो. पाहणाऱ्याले चिठ्ठी दिसत नाही, मशीनले दिसते. मंग मी बाजाराच्या मधात उभा राहून आवाज देतो, ज्याच्या चिठ्ठीची सुरवात लालनं होते त्यानं हात वर करा! लाल मिरची, लाल माठ, लाल लुगडं, सगळ्यांचे हात वर. मंग त्या सगळ्यायले एकदम रंग देता येते, लपवता येते, काहीही करता येते. नाव पूर्ण घ्याची गरजच नाही. तुकडा घ्या."

"आन तुकडा मधात असला तं?"

सर असा खूश झाला की जसं तिनं त्याले पोरगी देतो म्हणलं. "वा काकू! त्यासाठी तीन खुणा आहेत. टोपी लावली तं सुरवात पाहते, कारण टोपी डोक्यावर राहते. डॉलर लावला तं शेवट पाहते, कारण पैसा शेवटीच भेटते. आन चांदणी लावली तं कुठीही असो, पुढं, मांगं, मधात, सगळे धरून आणते. चांदणी आभाळात कुठीही राहते ना?"

"आन पूर्ण नाव घेऊन आवाज देला तं?"

"तं एकच येईल. कधी कधी तोही येणार नाही."

बायको म्हणे, "माणसाचं बी तसंच हाये. पूर्ण नावानं बलावलं की कोणी बाहेर निंगत नाई. वाटते, पोलीस आले."

सर एवढा हासला की तांदूळ उडाले. मी म्हणलो, धन्य आहे, आता माह्या घरात दोन मास्तर झाले.

त्यानंतर ह्या माणसानं घरात सरळ काही मागितलं असेल तर शपथ. चप्पल हरपली की म्हणे, "काकू, घरात काळं असलेलं सगळं सांगा." बायको चुलीपुढूनच सांगे, "तवा काळा, कुत्रं काळं, तुमचे काका काळे. कोण देऊ?" आन चप्पल असे त्याच्याच पायात. असं एकदा नाही, कितीकदा झालं.

एकदा नागपूरले निघाला. एसटीची पाटी लोक जशी वाचतात तशी तो वाचत नव्हता. शेवट तेवढा पाहे. मांगं 'पूर' दिसलं की बसे. त्या दिवशी 'पूर' चंद्रपूरचं निघालं. ब्रह्मपुरीले कंडक्टरनं उतरवला. दिवस बुडता बुडता परत आला, आन तोंडावर लाज म्हणून काही नाही. बायकोनं विचारलं, "काय वो सरजी, नागपूर पाहून आले?" तर म्हणे, "डॉलर बरोबर होता काकू, बसच चुकीची होती."

बत्ती तर आमच्याकडं पाहुण्यासारखी येते. बत्ती गेली की मशीन बंद, मंग तो पोट्ट्यायलेच मशीन बनवे. अंगणात उभे करे आन ओरडे, "ज्याच्या कपड्यात कुठीही निळं आहे तो बसा!" एक पोरगी बसली नाही. म्हणे, "सर, माही रिबीन निळी हाये, पण रिबीन म्हणजे कपडा का?" ह्यावर त्यायचा वाद चालला ते बत्ती परत आली तरी कोणाले समजलं नाही. मी पाळीवरून थकून आलो होतो. म्हणलो, "सर, रिबिनीचा निकाल लागला असंल तं मले जेवाले जाऊ द्या, दार तुमच्या मशीननं अडवलं आहे."

हे सगळं चाललं असतं. पण त्याले फोटोचं येड लागलं.

गावाचं वेब पेज बनवतो म्हणे. गावाले ते कायले पाहिजे होतं ते गावालेही माहीत नव्हतं, पण फुकट होतं म्हणून गाव हो म्हणलं. मंग हा सायकल हाती धरून दिवसभर फोटो काढत फिरे आन आल्यावर चिठ्ठ्या लिहीत बसे. दुसरा कोणी असता तर 'शाळेचा झेंडा' एवढं लिहून मोकळा झाला असता. हा लिहिणार: झेंडा, हेडमास्तर, पोरं, मांगं कुंपणावर बसलेला अमका, त्याचं बोकड, डावीकडून अर्धी आलेली तमकी, उजवीकडं गिरजाकाकूचं कोपर. गिरजा म्हणजे माही बायको. फोटो एकाचा आन चिठ्ठी अख्ख्या गावाची.

मी म्हणलो, "कोपरही लिहिता का? जनगणना आहे का ही?"

तो म्हणे, "काका, कोपर आलं म्हणजे माणूस आला. फोटोत उभा राहून तो गेला ना? मंग त्याचं नाव कोणी खाल्लं?"

"पण वाचणार कोण?"

"कोणी नाही."

असं सरळ सांगे. ह्या माणसाशी भांडणंही अवघड होतं, कारण तो आपल्याच बाजूनं बोले.

आता सरपंचाचं ऐका. तेव्हाचे आमचे सरपंच म्हणजे छाती पुढं आन गाव मांगं. त्यायले कळलं की पेज तयार होऊन राहिलं, तालुक्याचे साहेब ते पाहाले येणार आहेत. सरले बलावून म्हणाले, "माहे फोटो उठून दिसले पाहिजेत. काहीतरी सोनेरी बिनेरी करा."

सरले एकेक फोटो शोधून सोनेरी करायचा कंटाळा. त्यानं एकच ओळ लिहिली: ज्याच्या चिठ्ठीत कुठीही 'सरपंच' असंल त्याले सोनेरी काठ. आन लावली चांदणी.

मी त्या दिवशी मिलमधी पाळीवर होतो. हे मले बायकोनं सांगितलं. पंचायतीच्या भिंतीवर पांढरी चादर लावली, साहेब पुढं बसले, सरनं पेज उघडलं. पहिले सरपंच आले, सोनेरी काठात. टाळ्या झाल्या. मंग सरपंचाची म्हैस आली, सोनेरी काठात, तलावात बसलेली. लोकायले वाटलं, असंल. मंग 'सरपंचाच्या घरामागची तुंबलेली नाली' आली, सोनेरी काठात. साहेबानं विचारलं, हे काय आहे? आन शेवटी 'माजी सरपंच' आले, ज्यायचं तोंड पाहाले आजी सरपंच तयार नव्हते. त्यायलेही तेवढाच काठ, वरून फोटोत ते हासतही होते.

सरपंच चादरीपुढंच सरवर धावले. "माही म्हैस सोन्यात कायले?"

सर शांत. "म्हैस तुमचीच आहे ना?"

"माहीच हाये!"

"मंग चिठ्ठी खोटी आहे का?"

"चिठ्ठी खरी हाये, पण..."

"मंग चांदणीचं काही चुकलं नाही. चांदणी लहानमोठा पाहत नाही, सरपंचसाहेब."

हे सांगता सांगता बायकोनं पदर तोंडात धरला. ती माह्यापुढं तोंड उघडून कधी हासत नव्हती. हासू आलं की पदर. मले वाटे, दात वाकडे आहेत म्हणून असंल. विचारलं कधी नाही. विचारून काय करायचं होतं?

पुढच्या निवडणुकीत विरोधी पार्टीनं एका म्हशीच्या शिंगायले सोनेरी कागद लावून तिले गावभर फिरवलं. भाषणाची गरजच पडली नाही. सरपंच पडले. पडले ते पडले, पण त्या दिवसापासून त्यायनं सरचं नाव घेणं सोडलं. 'तो म्हशीवाला' म्हणत.

काही काळानं सरले भंडाऱ्याजवळ शहापूरले, हायवेवरच्या एका कॉलेजात नोकरी लागली. गेला तेव्हा बायको रडली, मी सायकलीची हवा पाहून दिली. दिवाळीले फोन करे. मी घेतला की "काकू आहेत का?" म्हणे. आमचं एवढंच बोलणं.

आता माह्या गोष्टीवर येतो. ह्या हिवाळ्यात बायको गेली. दोन दिवस छाती दुखते म्हणली, तिसऱ्या दिवशी म्हणलीच नाही. त्यावर जास्त लिहीत नाही. लिहिलं तरी कोण वापस देणार आहे?

तिच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला. विहारातून लोक येणार, भंतेजी येणार, तर बुद्धाच्या मूर्तीजवळ तिचा फोटो पाहिजे. घरात पाहतो तर फोटोच नाही. एवढे वर्षं संसार केला, फोटो एक, बचत गटाच्या ओळखपत्रावरचा, आन त्यात ती अशी दिसते की पाकीट मारताना धरली. पोरगी सुजाता नागपूरहून आली होती, तिनं तोच लाखांदूरच्या स्टुडिओत मोठा कराले देला. स्टुडिओवाला बहुत दयाळू. त्यानं मांगं निळं आभाळ टाकलं, गालावरचा देवीचा व्रण काढला, ओठाले रंग लावला, वरून अंगात दुसरीच साडी घातली.

मी पाहिलं. म्हणलो, "ही कोण बाई आणली?"

सुजाता म्हणे, "बाबा, आई हाये ना."

"तुही असंल. माही नाई."

पोरगी रडली. मी तिले रडवाले बोललो नव्हतो. मले खरंच ती बाई वळखू येत नव्हती. आन वाईट तर पुढं झालं. ते चित्र भिंतीले टेकवून ठेवलं होतं, येता जाता दिसे. दोनचार दिवसांत असं झालं की डोळे मिटले तर तीच स्टुडिओवाली येऊ लागली, रंगवलेले ओठ घेऊन. माही बायको मांगं जाऊ लागली. चेहरा आठवाले गेलो की निळं आभाळ आडवं ये. बायको गेली ते मान्य केलं होतं. पण तिच्या जागेवर दुसरी बसवली, ती मी कशी मान्य करू? एखादा खरा चेहरा डोळ्यापुढं आला नाही तर तिचं तोंड कायमचं पुसलं जाणार, एवढं मले समजत होतं.

सुजातानं सरले फोन केला होता. तो कार्यक्रमाच्या आधीच आला. एसटीतून उतरला तर तेच स्वेटर, केस तेवढे पांढरे. ह्या वेळेस बस बरोबर धरली होती, म्हणजे नोकरीनं सुधारणा झाली. "जय भीम, काका," म्हणलं आन भिंतीले टेकवलेलं चित्र पाहून विचारलं, "हे कोण?"

मले एवढं बरं वाटलं की त्याले मी पहिल्यांदा स्वतः पाणी देलं.

"सर, तिचा एखादा फोटो असंल का तुमच्याकडं?"

त्यानं पिशवीतून लॅपटॉप काढला. गावाचं पेज अजून जित्तं होतं. गावात कोणी पाहत नव्हतं, पण हा शहापुरात बसून त्याले जगवत होता. काही माणसं अशी बिनकामाची मेहनती असतात. त्यानं पहिले पूर्ण चिठ्ठी टाकली, 'गिरजा', तेवढीच. एक फोटो आला. बचत गटाचा. तोच, पाकीटमाराचा.

"बस?" मी म्हणलो.

"थांबा ना. हे पूर्ण नावानं बलावलं. आता चांदणी लावतो."

आन ती यायले लागली.

पहिले कोपर आलं, झेंड्याजवळचं. मंग कोणाच्या बारशात चहाचा ट्रे धरलेला हात. हापशीवर पाठमोरी. शाळेच्या खिडकीतून आत पाहणारी, अर्धी. गिरजाबाई नावाच्या दुसऱ्या एका बाईची शेळीही आली, चांदणी काही भेद करत नाही. सरनं ती बाजूले सारली. रोवण्याचा एक फोटो आला: चिखलात बायका ओळीनं वाकलेल्या, सगळ्यांच्या पाठी सारख्या. मी एका पाठीवर बोट ठेवलं. म्हणलो, ही. सरनं चिठ्ठी वाचली. ती शेजारीण निघाली. आमची तिच्या बाजूले होती. मी बोट उचलून तिच्यावर नेलं.

एकही फोटो तिचा नव्हता. सगळे दुसऱ्यायचे होते, आन ती त्यायच्या मधात होती.

मंग तो आला.

पंचायतीपुढचा फोटो, चादरीवाल्या दिवसाचा, पेज उघडायच्या आधीचा. मधात साहेब सरपंचाले शाल घालून राहिले. शाल मोठी आन साहेब बुटके, म्हणून शाल खांद्यावर न पडता सरपंचाच्या डोक्यावरून तोंडावर पडली. सरपंच दिसतच नाहीत, नुसती शाल उभी आहे. आन उजवीकडं बायकांच्या घोळक्यात माही बायको, हासून राहिली. पदर खांद्यावर, तोंड पूर्ण उघडं. दात दिसून राहिले. चांगले सरळ होते दात.

मी किती वेळ पाहिलं ते सांगत नाही. देवीचा व्रण होता गालावर, हासण्यानं लांब झालेला. स्टुडिओवालीले तो नव्हता. मी डोळे मिटून पाहिले. निळं आभाळ आलं नाही.

सर म्हणे, "काका, काकूपुरता कापून देतो. बाकीचे काढून टाकू." त्यानं कापलाही. पाहतो तर एकटी बाई हवेकडं पाहून हासते. कारण काढून घेतलं की हासणारं माणूस येडं दिसते. वरून शेजारणीच्या खांद्यावरचा तिचा हात मनगटापासून तुटला.

म्हणलो, "नाही. पूर्णच राहू द्या. सरपंचासकट."

सुजाता म्हणे, "बाबा, लोक काय म्हणतील?"

"लोकायले सांग, आमच्याकडं तुकडा चालत नाही."

सर माह्याकडं पाहाले लागला. मीही त्याच्याकडं पाहिलं. मंग तो फोटो छापाले लाखांदूरले गेला, सायकल नव्हती म्हणून पहिल्यांदा लवकर आला.

कार्यक्रमाच्या दिवशी भंतेजीनं वंदना घेतली, फोटोकडं पाहिलं, आन हळूच विचारलं, "यातल्या कोणत्या उपासिका?" मी दाखवलं. "बरं," म्हणाले. "आनंदी होत्या." मी म्हणलो, "फोटोत होती." लोक येत गेले, नमस्कार करत गेले. फ्रेमले एकच हार, आन तो हार साहजिकच मधातल्या माणसावर आला.

गावात बातमी जायले वेळ लागत नाही. दुपारी जेवणं झाली, मी आन सर छपरीत बसलो होतो, आन फोटोतले ते सरपंच, आता माजी झालेले, दारात उभे. आता तेही म्हातारे झाले, छाती राहिली नाही, आवाज तेवढा राहिला.

"काहून गा! मले जित्ताच मारला का? बाजारात एक जण माह्या पोराले विचारून राहिला, बाप कवा गेला म्हणून! माह्या फोटोले हार घालता?"

मी म्हणलो, "तुम्ही दिसता कुठी त्यात? शाल दिसते. शालीले हार घातला."

तेवढ्यात त्यायले सर दिसला. "आन हा! हा म्हशीवाला बी हाये इथं! याचंच काम असंल हे. पहिले माह्या म्हशीले सोनं लावलं, आता मले फुलं लावली!"

सर उठून उभा राहिला, बगळ्यासारखा. "सरपंचसाहेब, त्या वेळेस म्हैस तुमची होती. ह्या वेळेस फोटो काकूचा आहे. तुम्ही फक्त मधात आले."

"मी मधात आलो? सत्कार माहा होता रे!"

"चिठ्ठी पाहता का?"

"चुलीत घाल तुही चिठ्ठी!"

आवाज ऐकून आतून सुजाता आली. तिनं सरपंचापुढं खुर्ची ठेवली आन पाण्याचा गिलास देला. पाणी पिताना भांडता येत नाही. ते बसले. समोर भिंतीवर तो फोटो. पाणी पिता पिता त्यायचं लक्ष उजवीकडं गेलं, माह्या बायकोकडं, आन गिलास खाली आला.

"वहिनी किती हासून राहिल्या," ते म्हणाले.

"तुमच्यावरच हासून राहिली," मी म्हणलो. "दुसरं काय असंल."

"माह्यावर नाई. तुमच्यावर."

मले वाटलं, म्हातारा आता टोमणा मारून राहिला. म्हणलो, "मी तर तिथं नव्हतो. मिलमधी होतो."

"तुम्ही नव्हते. पण मी होतो ना शालीच्या अंदर. दिसत काही नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. वहिनी बाजूलेच होत्या. बायकायले सांगून राहिल्या, 'अवो, आमचे बुवा लग्नात अस्सेच दिसत होते. कोणाचा मांगून आणलेला मोठा फेटा, तोंडच सापडेना. मी मनात म्हणलं, अंदर माणूस हाये का नुसता फेटा हाये? तं मंग फेट्याच्या खालून एक डोळा निंगाला. घाबरलेला. माह्याकडंच पाहून राहिला. तवाच मी म्हणलं, चालंल हा.' असं म्हणल्या आन जे हासल्या, शालीत मलेही हासू आलं. म्हणून तं शाल निंगाली नाई लवकर."

सुजाता दाराले टेकली.

फेटा मोठा होता हे खरं आहे. घाबरलोही होतो. पण हे मी कोणाले सांगितलं नव्हतं, आन तिनं पाहिलं असंल असं मले आजपर्यंत वाटलं नव्हतं.

सरपंच उठाले लागले. मी त्यायचा हात धरून खाली बसवलं. ह्या माणसाची भाषणं मी जन्मभर ऐकली. झेंड्याखाली ऐकली, पारावर ऐकली, मतं मागताना ऐकली, आन कधी संपतात ह्याचीच वाट पाहिली.

म्हणलो, "सरपंच, पुन्हा सांगा."